मुलांच्या भाषणाला गुण देताना



डिसेंबर-जानेवारीचे दिवस आले म्हणजे आपल्याकडे गावोगावच्या शाळांत वक्तृत्वस्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पटांगणात कनात लागते. टेबलावर धुतलेली चादर अंथरतात, तिच्यावर फुलदाणी, पाण्याचा तांब्या आणि वेळ संपल्याची सूचना देणारी घंटा. टेबलामागे परीक्षकांच्या तीन खुर्च्या. त्या खुर्च्यांपैकी एकीवर बसण्याचा योग मला गेली पंधरा-वीस वर्षे वारंवार येत आहे. कॉलेजात इतिहास शिकवणारा मनुष्य म्हणजे त्याला भाषणातले कळत असणार, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती कितपत खरी, हे आज मी माझ्याच एका चुकीवरून सांगणार आहे. आणि त्या निमित्ताने सुमारे एकोणीसशे वर्षांमागच्या एका शिक्षकाची आपल्याला ओळख करून देणार आहे.

आधी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी परीक्षक होतो. गाव आणि शाळा यांचे नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. विषय होता ‘पाणी हेच जीवन’. एक मुलगा उठला. इस्त्रीचा गणवेश, खणखणीत आवाज. पंचमहाभूतांपासून त्याने सुरुवात केली, भगीरथाची गंगा आणली, दोन संस्कृत श्लोक म्हटले, आणि शेवटी मूठ आवळून असे काही वाक्य टाकले की कनात दणाणून गेली. त्याच्यानंतर दोन-तीन मुले झाली आणि एक आठवीतली मुलगी आली. तिने सांगितले, “आमच्या गावात एक हापसा आहे. उन्हाळ्यात त्याला पानी लवकर येत नाही. मी मोजलंय. चैत्रात वीस वेळा दांडा हाणला की येतं. वैशाखात साठ वेळा. माझी आई आजारी होती तेव्हा तिला साठ वेळा हाणता यायचं नाही, म्हणून मी जायची.” एवढे बोलून ती थांबली. पुढचे विसरली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. घंटा झाली आणि ती खाली उतरली.

आमच्यापुढे गुणपत्रिका होती. रकाने पाच: विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव, एकूण परिणाम. प्रत्येकाला दहा गुण. ती मुलगी ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणाली होती. उच्चाराच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने तीन लिहिले. हावभावाला दोन. मुलाला सगळीकडे आठ-नऊ. बेरीज केली, निकाल उघडच होता. मुलगा पहिला आला, मुलीचा नंबर लागला नाही.

नंतर चहाच्या वेळी तो मुलगा ढाल घेऊन पाया पडायला आला. मी सहज विचारले, “काय रे, तुझ्या गावाला पाणी कुठून येतं?” तो गोंधळला. त्याने आपल्या गुरुजींकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, ते भाषणात नाही.”

आम्ही सगळे हसलो. पण तो चहा मला गोड लागला नाही. मी त्या मुलीला शोधायला गेलो, तेव्हा कोणी सांगितले की तिच्या गावची एस. टी. सुटते म्हणून ती केव्हाच गेली.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मुलाच्या भाषणाला आपण गुण देतो ते नेमके कशाला देतो? हा प्रश्न काही माझा पहिल्यांदा नव्हे. तो फार जुना आहे, आणि त्याचा सर्वांत सविस्तर विचार प्राचीन रोममध्ये झालेला आहे. आता थोडा वेळ आपण तिकडे जाऊ या.

रोम हे इटलीतले शहर. साम्राज्य होण्यापूर्वी तेथे शेकडो वर्षे लोकसत्ताक राज्य होते. अधिकारी निवडून यायचे. सीनेटमध्ये खडाजंगी व्हायची. खटले भरचौकात, म्हणजे ज्याला ते फोरम म्हणत तेथे, उघड्यावर चालायचे. ज्याला बोलता येत नाही त्याला रोममध्ये मान नाही, अशी स्थिती होती. सिसेरो हा त्यांचा सर्वांत मोठा वक्ता. इ. स. पू. 43 मध्ये अँटनीच्या लोकांनी त्याला ठार मारले आणि त्याचे मस्तक व हात फोरममधल्या भाषणाच्या ओट्यावरच आणून ठेवले. बोलण्याला केवढी धार होती, हे तेवढ्यावरून समजावे. पुढे इ. स. पू. 27 पासून ऑगस्टसची एकछत्री सत्ता आली. निवडणुका नावापुरत्या उरल्या. सीनेटमध्ये काय बोलायचे हे सम्राटाचा चेहरा पाहून ठरू लागले. मग वक्तृत्व गेले कोठे? ते शाळेत जाऊन बसले.

मोठ्या घरची मुले तेरा-चौदाव्या वर्षी वक्तृत्वाच्या गुरूकडे जात. तेथे त्यांना दोन प्रकारची भाषणे करावी लागत. पहिल्या प्रकारात इतिहासातल्या एखाद्या पुरुषाला सल्ला द्यायचा. इ. स. पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमन सैन्याची धूळधाण केली. आता त्याने थेट रोमवर चालून जावे की नाही? अलेक्झांडरने महासागर ओलांडावा की परत फिरावे? दुसऱ्या प्रकारात एक काल्पनिक खटला द्यायचा आणि मुलाने एका बाजूने बोलायचे. हे खटले मोठे मासलेवाईक असत. त्यांत समुद्री चाचे असत, सावत्र आया असत, बापाने हाकलून दिलेले मुलगे असत. विषय तेच, पुनःपुन्हा तेच. दर सहा दिवसांनी हॅनिबल ऐकून ऐकून बिचाऱ्या मास्तरांचे डोके उठते, अशी थट्टा जुव्हेनल नावाच्या कवीने केली आहे. आपल्याकडे ‘पाणी हेच जीवन’ आणि ‘मोबाइल: शाप की वरदान’ हे विषय ऐकणाऱ्या परीक्षकाला त्या मास्तरांचे दुःख सहज कळेल.

हळूहळू या शाळांचे स्वरूप पालटले. मुलांचे आईबाप ऐकायला येऊ लागले. मोठी माणसेसुद्धा हौसेने तसली भाषणे करू लागली. टाळ्या पडल्या म्हणजे भाषण चांगले झाले, असा हिशोब सुरू झाला. आणि टाळ्या कशाला पडतात? नटव्या वाक्याला.

याचा परिणाम काय झाला त्याच्या दोन गोष्टी सेनेका नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवल्या आहेत. हा थोरला सेनेका, प्रसिद्ध तत्त्वज्ञाचा बाप. त्याचे पाठांतर इतके दांडगे की तरुणपणी दोन हजार नावे एकदा ऐकली की तो ती त्याच क्रमाने परत म्हणून दाखवी, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. म्हातारपणी मुलांच्या आग्रहावरून त्याने तरुणपणी ऐकलेल्या वक्त्यांच्या आठवणी लिहिल्या.

पहिली गोष्ट त्याच्या मित्राची, पोर्सियस लॅट्रोची. शाळेतल्या भाषणांत या लॅट्रोचा हात धरणारा कोणी नव्हता. ओव्हिडसारखा कवी तरुणपणी त्याचे बोलणे मन लावून ऐकत असे. पण एकदा स्पेनमध्ये त्याच्या एका नातेवाइकावर खराखुरा खटला झाला आणि लॅट्रो बाजू मांडायला उभा राहिला. फोरम उघड्यावर, वर आकाश, समोर खरे न्यायाधीश. याची घाबरगुंडी उडाली. पहिल्याच वाक्यात व्याकरण चुकले. अखेर विनंती करून न्यायालय चौकातून उठवून एका इमारतीत हलवून घेतले. छप्पर आणि भिंती दिसल्या तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला!

दुसरी गोष्ट अल्ब्युशियसची. एका खऱ्या दाव्यात बोलताना त्याने शाळेत शिकवलेला एक अलंकार वापरला. प्रतिपक्षाला उद्देशून तो म्हणाला, की शपथेवर निकाल हवा का? मग घे शपथ, पण शपथ मी सांगेन ती. आपल्या बापाच्या राखेची घे. म्हणायचे एवढेच होते की तू बापाशी वाईट वागलास. पण समोरचा वकील अरुन्शियस पक्का होता. तो उठून म्हणाला, आम्हांला अट मान्य आहे, आमचा माणूस शपथ घेईल. अल्ब्युशियस ओरडू लागला की अहो, मी अट घातली नाही, तो अलंकार होता! न्यायाधीशांनी त्याचे ऐकले नाही. दावा गेला. त्यानंतर तो फोरममध्ये पुन्हा बोलायला उभा राहिला नाही.

श्रोतेहो, या दोघांना हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. ते मूर्ख नव्हते. ज्यासाठी त्यांना शाबासकी मिळाली ते त्यांनी मन लावून केले, इतकेच. बिघाड झाला होता तो शाबासकी देणाऱ्यांचा.

हा बिघाड ज्याने नीट ओळखला तो शिक्षक म्हणजे क्विंटिलियन. त्याचा जन्म सुमारे इ. स. 35 मध्ये, आजच्या स्पेनमधल्या कालाओरा या गावचा. म्हणजे तोही राजधानीचा नव्हे, प्रांतातला माणूस. रोममध्ये येऊन त्याने वीस वर्षे शिकवले. व्हेस्पेझियन बादशहाने वक्तृत्वाच्या शिक्षकांना सरकारी खजिन्यातून वर्षाला एक लाख सेस्टर्स पगार सुरू केला, तो प्रथम ज्यांना मिळाला त्यांत हा होता. धाकटा प्लिनी त्याचा विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर, इ. स. 95 च्या सुमारास, त्याने वक्त्याच्या शिक्षणावर बारा भागांचा मोठा ग्रंथ पुरा केला. तो ग्रंथ लिहिता लिहिता त्याच्यावर आकाश कोसळले. बायको वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधीच गेली होती. धाकटा मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला होता. उरलेला थोरला, ज्याच्या उपयोगी पडावा म्हणूनही तो ग्रंथ चालला होता, तोही दहाव्या वर्षात वारला. सहाव्या भागाच्या आरंभी बापाने हे दुःख लिहिले आहे आणि मग पुन्हा काम हाती घेतले आहे. लोकांच्या मुलांविषयी तो जे सांगतो ते या पार्श्वभूमीवर वाचावे असे मला वाटते.

काय सांगतो तो? त्यातल्या आपल्या कामाच्या चार-पाच गोष्टी मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट शाबासकीची. शिक्षकाने शाबासकी देताना हात आखडू नये आणि उधळूही नये. आखडला तर मुलाला कष्टांचा कंटाळा येतो. उधळला तर तो फुगतो. चूक दाखवताना कडवटपणा आणि अपमान नको. काही मास्तर मुलाचा राग येत असल्यासारखे बोलतात आणि त्यामुळे मुलांचे शिकणेच सुटते, हे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

दुसरी गोष्ट टाळ्यांची. त्या काळी वर्गात एक मुलगा बोलू लागला की दुसरी मुले उड्या मारून उठत, वाहवा करीत. ही चाल क्विंटिलियनला मुळीच खपत नाही. टाळ्यांची देवाणघेवाण सुरू झाली की मुलाचे लक्ष ऐकणाऱ्या सोबत्यांकडे लागते, शिकण्याकडे राहत नाही. मुलाने पाहावे ते आपल्या शिक्षकाच्या चेहऱ्याकडे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तो म्हणतो, मुलाचे बोलणे जरा जास्त झाले, भलतीकडे गेले, तरी घाबरू नका. जास्तीचे कमी करता येते. मुळात नसलेले आणता येत नाही. आपल्या नाशिककडचा द्राक्षबागाईतदार हे ताबडतोब समजेल. वेल माजला तर छाटता येतो. डोळाच फुटला नाही तर कात्री काय करणार? म्हणून लहान वयात मुलाने धाडस करावे, स्वतः काही शोधून काढावे आणि त्याचा आनंद त्याला वाटावा. असे काही मुलाने मांडले आणि ते पुरते बरोबर नसले, तर क्विंटिलियन त्याला म्हणत असे की आज मी याची तारीफ करतो, पण पुढे एक दिवस येईल तेव्हा मी हे चालू देणार नाही. किती शहाणपणाचे बोलणे आहे पाहा! मुलाला आजचा आनंदही मिळाला आणि उद्याची पायरीही दिसली.

चौथी गोष्ट पाठांतराची. तो पाठांतराच्या विरुद्ध नाही. उलट मुलांनी थोर लेखकांचे उतारे पाठ करावेत, त्याने शब्दसंपत्ती वाढते, असे तो सांगतो. स्वतः लिहिलेले भाषण लोकांपुढे म्हणण्याची परवानगी मात्र मुलाला क्वचित द्यावी, खरोखर चांगले उतरले असेल तेव्हाच, आणि ती बक्षीस म्हणून द्यावी. म्हणजे दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. थोरांचे पाठ करा, ते थोरांचे म्हणून. आपले म्हणून बोलाल ते मात्र आपलेच असू द्या. आपल्या स्पर्धांतला सगळा घोटाळा या दोहोंच्या सरमिसळीत आहे. भाषण लिहितात गुरुजी किंवा मुलाचे मामा. हल्ली तर ते मोबाइलवर तयारच सापडते. मुलगा ते ‘मला असे वाटते’ म्हणून म्हणतो. आणि आम्ही परीक्षक त्याला वाटण्याचे गुण देतो!

पाचवी गोष्ट नंबरांची. क्विंटिलियनने आपल्या लहानपणची एक पद्धत सांगितली आहे. त्याच्या शिक्षकांनी मुलांचे हुशारीप्रमाणे क्रम लावले होते, आणि जो वर असेल तो आधी बोले. पहिला नंबर पटकावणे ही मोठी अभिमानाची गोष्ट असे. पण तो नंबर कायमचा नव्हता. दर तिसाव्या दिवशी पुन्हा चढाओढ होई. वरच्याला सैल पडता येत नसे आणि खालच्याला आपली लाज धुऊन काढण्याची संधी मिळे. आपली स्पर्धा वर्षातून एकदा होते. शेवटचा आलेला मुलगा वर्षभर शेवटचाच राहतो.

आता एक कबुली दिली पाहिजे. क्विंटिलियनच्या शाळेत सगळे मुलगे, तेही श्रीमंतांचे. गुलामांच्या आणि गरिबांच्या पोरांना तेथे कोण विचारतो? मुलींनाही तेथे जागा नव्हती. पण ग्रंथाच्या अगदी सुरुवातीलाच त्याने एका बाईचे नाव आदराने घेतले आहे. ती हॉर्टेन्सिया. इ. स. पू. 42 मध्ये रोमच्या तीन सत्ताधाऱ्यांनी लढाईच्या खर्चासाठी चौदाशे धनिक स्त्रियांवर कर बसवायचे ठरवले. त्यांच्या बाजूने बोलायला एकही पुरुष वकील पुढे येईना. तेव्हा हॉर्टेन्सिया फोरममध्ये उभी राहिली. ज्या राज्यकारभारात आम्हांला वाटा नाही त्यासाठी आम्ही कर का द्यावा, हा तिचा सवाल होता. सत्ताधाऱ्यांनी तिला हुसकावून लावायचा प्रयत्न केला, पण जमाव तिच्या बाजूने झाला. दुसऱ्या दिवशी चौदाशेंचा आकडा चारशेवर आला. तिचे भाषण बाईमाणसाचे कौतुक म्हणून नव्हे, तर त्याच्या गुणाने वाचले जाते, असे क्विंटिलियन म्हणतो. लॅट्रोला जे छपराखाली साधले ते हिला उघड्या चौकात साधले, कारण तिला खरोखर काही सांगायचे होते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सभेत उभे राहून निबंध वाचणे, वादविवाद करणे ही चाल आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून चालू लागल्या. तेथे निबंध वाचायचे आणि मग त्यावर चर्चा व्हायची; नुसते म्हणून मोकळे होता येत नसे. ती मुले बोलून थांबलीही नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. पुढे 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली.

रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांचे पाठांतर विलक्षण होते. पण रानड्यांनी त्यांना नुसते पाठांतरावर सोडले नाही. सार्वजनिक सभेचे काम करताना मसुदा पुनःपुन्हा लिहायला लावला, आकडे तपासायला लावले. 1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा ते तिशीतले होते. तेथे लिहून नेलेले निवेदन वाचून भागण्यासारखे नव्हते. आयोगाचे सभासद उलटसुलट प्रश्न विचारीत आणि गोखले उत्तरे देत. त्यांच्या साक्षीचा लौकिक झाला तो या उत्तरांमुळे. रानड्यांच्या तालमीची परीक्षा त्या प्रश्नांत झाली.

पण इंग्रजी शिक्षणाच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे बोलण्याची एक थोर परंपरा आहे, ती कीर्तनाची. आणि तिच्यातले आपल्या अगदी जवळच्या काळातले नाव म्हणजे गाडगे महाराज. 1876 मध्ये अमरावतीकडच्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला, 1956 मध्ये ते गेले. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. भाषा अस्सल वऱ्हाडी. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोक तेथल्या तेथे उत्तरे देत. उत्तर देता देताच माणसाच्या ध्यानात येई की आपण कर्ज काढून सण करतो, देवापुढे बकरे कापतो आणि पोराला शाळेत घालीत नाही.

मी कधी कधी कल्पना करतो की गाडगेबाबा आमच्या त्या तालुक्याच्या स्पर्धेत उभे राहिले आहेत आणि मी गुणपत्रिका घेऊन बसलो आहे. बाबाही ‘पानी’च म्हणणार. उच्चार, तीन. हावभाव, दोन. नंबर नाही.

कोणी म्हणेल, मग काय, मुलांना शुद्ध बोलायला शिकवूच नये? तसे नव्हे. स्पष्ट आणि नेटका उच्चार हवा, याबद्दल क्विंटिलियनचाही आग्रह आहे. हात डोळ्यांच्या वर जाऊ नये आणि छातीच्या खाली उतरू नये, येथपर्यंत त्याने बारकावे सांगितले आहेत. पण ही शिकवण्याची गोष्ट आहे; वर्गात, रोज, प्रेमाने शिकवावी. घरी आईकडून आलेली बोली हा मुलाचा अपराध नव्हे, आणि स्पर्धेच्या दिवशी त्याचा दंड वसूल करणे हे तर मुळीच बरोबर नाही. प्रमाणभाषा मुलाला द्यावी ती जास्तीची म्हणून. तिच्या बदल्यात त्याच्याजवळचे सांगण्यासारखे काढून घेतले, तर तो व्यवहार तोट्याचा.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या दिवसानंतर मी जेथे परीक्षक म्हणून जातो तेथे आयोजकांना चार विनंत्या करतो. त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, विषय मुलाच्या पायाखालचा द्या. ‘पाणी हेच जीवन’ ऐवजी ‘आमच्या गावचे पाणी’ म्हणा. एवढ्या बदलाने अर्धी तयार भाषणे बाद होतात.

दुसरी, पाच मिनिटांच्या भाषणानंतर एक मिनिट प्रश्नासाठी ठेवा. परीक्षकाने एकच साधा प्रश्न विचारावा, अडवण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. पन्नासांतले पंधरा गुण त्या उत्तराला द्या. बोलताना विसरलेली कितीतरी मुले या एका मिनिटात पुन्हा उभी राहतात, हे मी पाहिले आहे.

तिसरी, पाठ केलेले उतारे म्हणण्याची वेगळी स्पर्धा ठेवा. पाठांतर हाही गुणच आहे, त्याला त्याचे बक्षीस मिळावे. मूळ लेखकाचे नाव मुलाने आधी सांगावे म्हणजे झाले.

चौथी, निकालापूर्वी प्रत्येक मुलाला दोन वाक्ये लिहून द्या. एक, तुझ्या भाषणातले हे मला आवडले. दुसरे, पुढच्या वेळी हे एवढे सुधार. आणि पुढची वेळ वर्षाने नको. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर्गातच पाच मुलांना उभे करा, जे मागे पडले त्यांना आधी.

यात वेळ जातो हे खरे. चाळीस मुले असली म्हणजे पाहुण्यांना उशीर होतो, जेवण थंड होते. पण आपण परीक्षक म्हणून बसतो तेव्हा आपण शिक्षक असतो, हे विसरून कसे चालेल? आपण ज्याला ढाल देतो त्याच्याकडे पाहून बाकीची एकोणचाळीस मुले ठरवतात की मोठ्या माणसांना काय हवे असते. आपल्या गावात उद्या ग्रामसभा भरेल. तेथे हापसा दुरुस्त का झाला नाही हे विचारणारा माणूस लागेल. आकडा मोजून आणलेली मुलगी लागेल. भगीरथाची गंगा तेथे उपयोगी पडणार नाही.

आणि आईबापहो, तुम्हांलाही एक सांगणे. स्पर्धेहून परतताना पोराला ‘कितवा नंबर आला?’ हे जरूर विचारा. नंबर कोणाला नको असतो? पण त्याच्या आधी एवढे विचारा, “बाळ, तुला काय सांगायचं होतं?” आणि मग घर येईपर्यंत ऐका.

त्या मुलीचे नाव माझ्या गुणपत्रिकेवर नव्हते, नुसता क्रमांक होता, सतरा. आता ती मोठी झाली असेल. हे भाषण तिच्या कानावर गेले, किंवा पुस्तिका हाती पडली, तर माझे तिला एवढेच सांगणे आहे की साठ वेळा दांडा हाणल्याचा तो हिशोब माझ्या ध्यानात राहिला. पहिल्या आलेल्या भाषणातले एकही वाक्य आज मला आठवत नाही.